तीन लाखांचा डबा आणि गाढवाचे कान

आज सकाळी सकाळी ग्रुपवर एकाने मला सुनावलं, "गाढवाला गुळाची चव काय!" का, तर तीन लाखांचा म्युझिक स्ट्रीमर घेणं म्हणजे पैसे उधळणं, एवढंच मी लिहिलं होतं. तेव्हापासून डोकं फिरलंय.

बगा, स्ट्रीमर करतो काय? नेटवरून गाण्याचे आकडे घेतो आणि डॅकला देतो, बास. आकड्यांचा आवाज करतो तो डॅक. 1982 ला सीडी आली तेव्हापासून हिशेब तोच, सेकंदाला 44,100 आकडे, 16 बिटचे. वाटेत काही बिघडलंच तर नेटवर्क ते परत मागवून घेतं, आकडे जसेच्या तसे पोचतात. मग त्याच आकड्यांत हा डबा जादा गोडवा कुठनं घालतो, सांगा की!

आपल्या बेळगावात टिळकवाडीतल्या मित्राने घेतलाय असला. ॲल्युमिनियमचा, उचलताना कंबर सांभाळावी असा. मी शेजारी माझं काही हजारांचं रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) ठेवलं, दोन्ही त्याच्याच डॅकला जोडले आणि वहिनींना म्हटलं, तुम्ही मागनं इनपुट बदला, आम्हाला सांगू नका. कुमार गंधर्व लावले (आपल्या सुळेभावीत जन्मलेला माणूस, दुसरं कोण लावणार). सुरुवातीला हा छातीठोक, "हा माझा! हा तुझा!" मग हळूहळू याचाच सूर उतरायला लागला. शेवटी वहिनी म्हणाल्या, "अहो, मगापासून मी काही बदललंच नाही की."

त्या ग्रुपवाल्याला तेव्हा तिथं बसवायला हवं होतं, गूळ घेऊन.

बरं, ॲप झकास चालतं, दिसतो देखणा, मान्य. आत चांगला डॅक असेल तर त्याचे पैसे वेगळे, तेही मान्य. पण तीन लाख?

मित्रावर राग नाही हो माझा. उद्यमबागेत फौंड्रीत उभा जन्म गेला त्याचा, निवृत्तीनंतर एवढी एकच हौस केलीय, ती परीक्षा चालू होती तेव्हासुद्धा डोळे मिटून तान ऐकताना त्याचा चेहरा असा काही खुलला होता की मलाच वाटलं कशाला हे खूळ काढलं. राग आहे तो विकणाऱ्यावर. फौंड्रीच्या दणदणाटात कान गेलेल्या साठीच्या माणसाला 192 किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 1,92,000 आकड्यांची, स्वप्नं विकता? धडधाकट पोराचे कानसुद्धा 20 हजार हर्ट्झच्या पुढं चालत नाहीत, आणि तेवढ्याला सीडीचे 44,100 आकडे पुरतात! वर मखमली पिशवीतली नेटवर्क केबल गळ्यात मारली ती वेगळीच. आणि अ‍ॅपल म्युझिकने 2021 मध्येच लॉसलेस (काही न गाळलेलं गाणं) जादा पैसे न घेता दिलं, हे मात्र कुणी सांगणार नाही.

खरी गोची त्याच्या हॉलमध्ये आहे. खाली गुळगुळीत टाइल्स, समोर भलीमोठी काच, टाळी वाजवली की खोली घुमते. जाड पडदे आणि सतरंजी टाक म्हटलं, वहिनी लगेच तयार. हा म्हणतोय पडद्यांनी हॉलचा लूक जाईल.