पुढच्या आवृत्तीत काय काय मोडावं

अभिनंदन! ऑपरेटिंग सिस्टीमच्या पुढच्या आवृत्तीची सूत्रं तुमच्या हाती आली आहेत. आता चार जण येऊन सांगतील, की आधी वापरणाऱ्यांना विचारा. नादी लागू नका. वापरणाऱ्यांना जे हवं असतं ते बहुतेक वेळा त्यांच्याकडे आधीपासूनच असतं. मग तुम्ही करायचं काय?

सुरुवात बोटांपासून करा. माणसाचा हात एकदा बसला की बोटं आपापली चालतात आणि डोकं कामात राहतं. पण ज्याचं डोकं कामात आहे, त्याला तुमचं नवं डिझाइन दिसणार कधी? टास्कबारचंच बघा. विंडोज ९५ पासून तो ओढून स्क्रीनच्या कुठल्याही कडेला लावता येत होता. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि तो तळाला खिळला गेला. शिवाय बटणं मधोमध आणली. पूर्वी माऊस न बघता डाव्या कोपऱ्यात भिरकावला तरी स्टार्ट सापडायचं, कारण कोपऱ्याच्या पलीकडे माऊस जाऊच शकत नाही. आता एकेक प्रोग्राम उघडत जा, स्टार्ट तसतसं डावीकडे सरकत जातं. पाठलाग करणारा माणूस जागा तरी राहतो.

लोक फारच ओरडले तर घाबरायचं कारण नाही. काढलेली वस्तू एक-दोन वर्षांनी परत द्या आणि नव्या सुविधांच्या यादीत सगळ्यात वर छापा. स्टार्टचं बटण २०१२ च्या विंडोज ८ मध्ये गेलं, २०१३ च्या ८.१ मध्ये परत आलं. टास्कबारवर प्रत्येक खिडकी तिच्या नावासकट वेगळी दाखवण्याची सोय २०२१ मध्ये गेली, २०२३ मध्ये वाजतगाजत आली. वस्तू तीच, पण जाहीर करायच्या गोष्टी दोन झाल्या.

राइट क्लिकच्या मेनूवर जरा जास्त मेहनत घ्या. कट, कॉपी, रिनेम हे शब्द काढून तिथे बिननावाची चित्रं बसवा. जुना मेनू टाकून देऊ नका, तो 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे ठेवा, म्हणजे एका क्लिकचं काम दोन क्लिकांत होईल. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की तो मेनू थेट उघडतो, ही गोष्ट मात्र स्क्रीनवर कुठेही लिहू नका. शब्दांतल्या एकेका अक्षराखाली रेघ असायची आणि तेवढं अक्षर दाबलं की काम व्हायचं. त्या रेघा विंडोज २००० नेच लपवल्या, आल्ट दाबेपर्यंत त्या दिसत नाहीत. म्हणजे ज्याला आल्टचा उपयोग आधीच माहीत आहे, त्यालाच त्या दिसणार. शिकवणीची ही पद्धत फार किफायतशीर आहे.

शॉर्टकटांच्या बाबतीत नियम एकच: एका जोडीला जितके अर्थ देता येतील तितके द्या. सगळीकडे कंट्रोल-एफ म्हणजे शोधा. आउटलुकमध्ये मात्र उघडलेल्या पत्रावर कंट्रोल-एफ दाबलं की पत्र दुसऱ्याला पाठवायची खिडकी उघडते. शोधायचं असेल तर एफ-फोर. मागे घेतलेलं काम पुन्हा करायला (रिडू) कुठे कंट्रोल-वाय, कुठे कंट्रोल-शिफ्ट-झेड. दोन्ही करून बघावं. मॅकवर एक खिडकी बंद करणारं कमांड-डब्ल्यू आणि अख्खा प्रोग्राम बंद करणारं कमांड-क्यू शेजारी शेजारी आहेत. बोट एक घर चुकलं की वीस टॅब गेले.

पण या कलेचा कळस बघायचा तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत जा. माणूस तिथल्या एखाद्या एडिटरमध्ये फाइल लिहितोय. सवयीने सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबतो. स्क्रीन थिजते. टेलिप्रिंटरच्या काळात कागदाला दम खायला मिळावा म्हणून 'थांब' सांगणारा हा इशारा होता, तो टर्मिनलने अजून निष्ठेने पाळला आहे. माणसाला वाटतं, मशीन अडकलं. तो एंटर दाबतो, एस्केप दाबतो, चिडून पाच-दहा अक्षरं बडवतो. प्रोग्राम आतून सगळं ऐकत असतो, फक्त दाखवत नाही. शेवटी कोणीतरी सांगतं की कंट्रोल-क्यू दाब, आणि ती सगळी बडवाबडवी एकदम फाइलमध्ये उमटलेली दिसते. 'एसटीटीवाय' लिहून एक जागा सोडून 'वजा आयएक्सऑन' लिहिलं की ही खोड त्या टर्मिनलपुरती जाते. ही ओळ शेलच्या (टर्मिनलमधले हुकूम वाचणाऱ्या प्रोग्रामच्या) सुरुवातीच्या फाइलमध्ये आयती घालून देण्याचा मोह आवरा.

सगळंच मोडायचं असं मात्र नाही. परंपरा हवीच, फक्त ती कुठे जपायची हे कळलं पाहिजे. विंडोजमध्ये 'कॉन' या तीन इंग्रजी अक्षरांचं फोल्डर करून बघा. होत नाही. विंडोजच्या आधीच्या, १९८१ च्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता, ते १९८३ मध्ये आले. म्हणून कन्सोल (कीबोर्ड आणि स्क्रीन, म्हणजेच 'कॉन'), प्रिंटर या उपकरणांची नावं सगळीकडे राखीव ठेवावी लागली. तेव्हाचा एखादा प्रोग्राम अचानक जागा झाला तर त्याची गैरसोय होऊ नये, हा विचार अजून पाळला जातो. एक्सेलमध्ये सेलमध्ये ६० लिहा, कंट्रोल-वन दाबून तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. असा दिवस कधी उजाडलाच नाही, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीटमध्ये ती चूक होती आणि तिच्या फाइलींशी हिशेब जुळावा म्हणून एक्सेलने ती उचलली. स्प्रेडशीटच्या चुकीला एवढा मान आहे. बोटांच्या सवयीचं मात्र कोणी नाव काढत नाही.

कंट्रोल पॅनेलही असंच राहू द्या, फक्त त्याच्यापुढे सेटिंग्ज नावाची दुसरी इमारत बांधा. हे काम २०१२ पासून चालू आहे, घाई करू नका. नेटवर्कच्या कार्डांची जुनी यादी हवी असलेला माणूस विंडोज-आर दाबून 'एनसीपीए डॉट सीपीएल' टाइप करतोच.

आता जुनं सॉफ्टवेअर. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचा प्रोग्राम चालत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. यातली खरी गंमत अशी, की नव्वदच्या दशकातले कितीतरी प्रोग्राम ३२ बिटचे आहेत, म्हणजे आजही चालले असते, पण त्यांचं सेटअप १६ बिटचं आहे. घर शाबूत, दार तेवढं उघडत नाही. तेच सेटअप लिनक्सवर वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, अनेकदा चालतं. हे कोणाला सांगू नका. दार उघडलंच, तर मशीनच बाद करा. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी निरोप द्यायचा आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपची अट घालायची, की धडधाकट मशीनं भंगारात निघतात.

तरीही एखादा चिवट माणूस व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मशीनच्या आत दुसरं खोटं मशीन उभं करणाऱ्या प्रोग्राममध्ये, जुनं विंडोज एक्सपी बसवेल. त्याला ५१२ एमबी मेमरी देईल, सुरक्षेचे अपडेट २०१४ मध्येच थांबले म्हणून नेटवर्क कार्ड काढून टाकेल, आणि त्याचा जुना प्रोग्राम सुखाने चालू होईल. त्याच्यासाठी बंदोबस्त आधीच झालेला आहे. आतल्या विंडोजमध्ये गेस्ट अॅडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर घातलेलं नसेल तर आत क्लिक केलं की माऊस आतच अडकतो; सोडवायला उजवीकडचं कंट्रोल लागतं. २०२४ पासून अनेक नव्या लॅपटॉपवर नेमक्या त्या जागी कोपायलटचं बटण आलं आहे. दाबलं की ते शिफ्ट, विंडोज आणि एफ-२३ असा इशारा पाठवतं. सगळ्यात नवं बटण, आणि बोलतं जुन्या आयबीएम टर्मिनलच्या कीबोर्डवरच्या भाषेत.

सुटकेची की बदलता येते. व्हर्च्युअलबॉक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुटच्या पानावर सोय आहे. पण तिथे क्लिक करायला माऊस आधी बाहेर आला पाहिजे. तेव्हा तो माणूस डाव्या हाताने कंट्रोल आणि आल्ट धरेल, उजव्याने डिलीट दाबेल, आणि १९८१ च्या पीसीबरोबर आलेला हा इशारा बाहेरचं विंडोज निमूट ऐकेल. माऊस सुटेल. एवढी एक फट राहिली आहे, पुढच्या आवृत्तीत बुजवून टाका.