वादळाचं नाव गावापर्यंत येऊ द्या

दिवाळीत भाची पुण्याहून आली होती, तिनं आम्हा सगळ्यांना एका खेळात ओढलं. ती नाव घेणार, आपण सांगायचं वादळ का गायिका. "मामा, इडालिया?" मी म्हटलं गायिका. चुकलं, 2023 मध्ये फ्लोरिडावर आलेलं वादळ. दुआ लिपा म्हटल्यावर मी वादळ म्हणालो, तेही चुकलं. व्हिटनी अन् डॉली तर दोन्हीकडं आहेत, गायिकाही अन् अटलांटिकच्या यादीतही. तिकडं सहा याद्या आलटून पालटून वापरतात, कतरीनासारखं नुकसान झालं की ते नाव कायमचं काढतात, तिच्या जागी कातिया आली.

आपल्याकडं, बंगालचा उपसागर अन् अरबी समुद्रातल्या वादळांचं, वेगळं आहे. 13 देशांनी मिळून 169 नावं दिली, यादी 2020 ला निघाली अन् एक नाव एकदाच वापरायचं. गुलाब पाकिस्ताननं दिलेलं.

अन् ते गुलाब माझ्या चांगलंच लक्षात आहे. सप्टेंबर 2021. आंध्राच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच, अन् दोन दिवसांनी आमच्या यवतमाळातल्या पुसदकडं पोचलं तोवर वारा कमी झाला म्हणून नावच गळून पडलेलं, मोबाईलवर मेसेज आला तो नुसता कमी दाबाच्या पट्ट्याचा. असे मेसेज पावसाळाभर येतात, कोण लक्ष देतो? आमचं सोयाबीन सोंगून वावरातच पडलेलं, ताडपत्री घरी. चौथ्या दिवशी शेंग फोडून पाह्यली तर दाणा काळा अन् त्याला बोटभर पांढरा कोंब. आई काहीच बोलली नाही, शेंगा चाळत बसली. तेच गुलाब पुढं अरबी समुद्रात जाऊन परत वादळ झालं तर त्याला नवं नाव मिळालं, शाहीन. म्हणजे दोन्ही समुद्रांत नाव, अन् मधात आमच्या वावरावर बिननावाचं!

माझं म्हणणं एवढंच आहे की वारा कमी झाला म्हणून नाव सोडू नका. "गुलाबचा पाऊस उद्या यवतमाळात" असं लिहिलं असतं ना, तर बाबा रात्रीच ताडपत्री घेऊन निघाले असते. नाव कळलं की माणूस चौकशी करतो, कुठवर आलं, कधी येणार.

2025 ला त्या दिवाळीनंतर भाची जाऊन चार-पाच दिवस नाही झाले तर मोंथा आलं, थायलंडचं नाव, तेही फुलाचंच म्हणतात. काकीनाड्याकडून आत शिरलं तसं मी गावच्या ग्रुपवर नावासकट टाकत राह्यलो. दोघातिघांनी फुटलेला कापूस आदल्या दिवशीच वेचून घेतला, बाकीच्यांचा भिजला.

यादीतली पुढची काही नावं पण टाकून ठेवली, अर्णब, मग आपल्या भारताचं मुरासू. कतारचं लुलू अजून लांब आहे, भाचीला फोनवर विचारलं तर ती म्हणे गायिका. वादळाचंही आहे म्हटलं, लिहून ठेव.