युनो बरखास्त कशी करावी

गेल्या रविवारी सकाळी साडेअकरा वाजता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संयुक्त राष्ट्रसंघ बरखास्त झाला. १९४५ साली उभी राहिलेली, १९३ देशांची संस्था. वडापाव यायला वेळ होता म्हणून पंधरा मिनिटं लागली, नाहीतर पाचात उरकलं असतं.

ठराव ए विंगमधल्या काकांचा. काका म्हणजे दोन फ्लॅट जोडून एक केलेले, बाल्कनीत चौतीस कुंड्या, कमिटीत वर्षानुवर्षं. “तुवालू नावाचा देश आहे म्हणे. वस्ती किती, तर अकरा हजार! आपण दीडशे कोटी. आणि युनोत त्यालाही एक मत, आपल्यालाही एकच. याला काही अर्थ आहे का?” सगळ्यांनी माना हलवल्या. त्याआधीचा पाऊण तास काका हेच सोसायटीबद्दल म्हणत होते. सी विंगच्या वन बीएचकेला एक मत आणि त्यांच्या जोडफ्लॅटलाही एकच, याला काही अर्थ आहे का? मतं चौरस फुटांवर द्या. सभेचा विषय टँकरच्या पाण्याचा होता, त्यावर येतेच.

मी सी विंगमध्ये, तीनशे ऐंशी चौरस फुटांत राहते, त्यामुळे जगाचं राजकारण मला कळत नाही. पण थोरामोठ्यांचं ऐकून जे शिकले ते तुमच्याही उपयोगी पडावं म्हणून लिहितेय. लग्नाच्या पंगतीत, पर्वतीच्या पायऱ्यांवर, सलूनमध्ये, कुठेही वापरा.

सुरुवात काश्मीरपासून करावी. १ जानेवारी १९४८, नेहरू, युनो. पुढचं लोक आपणहून म्हणतात, तुम्ही फक्त चहा प्यायचा.

लगेच पाठोपाठ हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय विसरावं. हे जरा जड जातं, कारण कुलभूषण जाधवांचा खटला आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून लढवलाय. मे २०१७ मध्ये फाशीला स्थगिती मिळाली, १७ जुलै २०१९ ला पंधरा विरुद्ध एक असा निकाल आला, आणि आपले वकील हरीश साळवे यांनी एक रुपया फी घेतली हे आमच्या ग्रुपवर काकांनीच सहा वेळा पाठवलं होतं. ते न्यायालय युनोचंच असतं. कुणी तसं निदर्शनास आणलंच तर ‘ते वेगळं’ म्हणावं. २०१७ च्याच नोव्हेंबरमध्ये याच न्यायालयातल्या एका जागेसाठी आपले दलवीर भंडारी आणि ब्रिटनचा उमेदवार समोरासमोर होते. सुरक्षा परिषदेत ब्रिटनला नऊ मतं, आपल्याला पाच. आमसभेत, म्हणजे जिथे प्रत्येक देशाला एक मत असतं तिथे, मात्र आपल्याला १२१, ब्रिटनला ६८. शेवटी ब्रिटनने माघार घेतली. मतदान गुप्त होतं, तेव्हा कुणाचं मत कुणाला गेलं हे सांगता यायचं नाही, पण एकशे एकवीस मोठे देश जगात आहेत तरी कुठे? तर हेही विसरावं. तुवालूसारख्यांना मत असल्याचा आपल्याला कधी काही उपयोग झालेला नाही, यावर ठाम राहावं.

२१ जूनला पहाटे मैदानात सतरंजी अंथरताना, योगदिनाच्या ठरावाला २०१४ मध्ये १७७ देशांनी सहप्रस्तावक म्हणून नाव दिलं होतं हा विचार मनात येऊ देऊ नये. श्वासावर लक्ष ठेवावं.

‘पैसे मोठ्यांनी भरायचे आणि मतं छोट्यांची’ हे वाक्य खणखणीत आवाजात म्हणावं. सर्वांत लहान देशांनाही वर्गणी असते, एकूण खर्चाच्या ०.००१ टक्का, आणि तुवालूने आपल्या वाट्याला आलेल्या डॉट टीव्ही या इंटरनेट पत्त्याच्या कमाईतून २००० साली युनोच्या सदस्यत्वाचा खर्च उचलला. सर्वांत मोठी थकबाकी मात्र सर्वांत मोठ्या सभासदाकडे, अमेरिकेकडे, असते. हे कुठल्याही सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दिसतं, त्यासाठी न्यूयॉर्कला जावं लागत नाही. (जाता जाता: काका ‘आम्ही मेंटेनन्स जास्त भरतो’ म्हणतात. सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना सारखेच असतात, काका. मी पावती बघितलीय.)

पोरांना असले नाद लावू नयेत. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत हजारो मुलं युनोची सहा अंगं पाठ करतात, ते परीक्षेपुरतंच बरं. २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या एका विद्यापीठातल्या कायद्याच्या सत्तावीस विद्यार्थ्यांना त्यातलं एक अंग, न्यायालय, परीक्षेबाहेर वापरायची बुद्धी झाली. हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे हेगला विचारा म्हणाले. वानुआतू नावाच्या बेटांच्या देशाने ते मनावर घेतलं, मार्च २०२३ मध्ये आमसभेत ठराव एकमताने पास झाला, आणि जुलै २०२५ मध्ये न्यायाधीशांनी, तेही एकमताने, सांगितलं की ही जबाबदारी कायद्याने आहे, मर्जीचा मामला नाही. आपल्याकडे त्या पोरांना आधी क्लासची फी किती गेली ते विचारलं असतं.

चक्रीवादळाचा अंदाज प्रत्येकाने आपला आपण काढावा. मालदीवला हौस असेल तर सोडेल उपग्रह. ३ जून २०२० ला ज्या ‘निसर्ग’ने अलिबागला धडकून पुण्यातसुद्धा झाडं आडवी केली, त्याचं नाव बांगलादेशने दिलेलं होतं आणि ती यादी तेरा देशांनी एका टेबलाभोवती बसून केली होती. पण नावात काय आहे?

करोनाच्या लशीबद्दल बोलताना ‘आमच्या पुण्याची’ म्हणून थांबावं. २४ फेब्रुवारी २०२१ ला कोव्हॅक्स या लसवाटपाच्या जागतिक योजनेतला पहिला साठा, सहा लाख डोस, इथूनच घानाला गेला. त्यानंतर श्रीमंतांनी साठे केले, आपल्याकडेही दुसरी लाट आली, निर्यात थांबली आणि ज्यांच्याकडे ना कारखाना ना वशिला ते देश रांगेत उभे राहिले. ती योजना पुरी पडली नाही, हे खरंच. म्हणजे योजनाच नको, असा निष्कर्ष काढायला चार बीएचके लागतात.

आता मुख्य मंत्र. हा पाठच करा. “मधे संस्था कशाला? समोरासमोर बसावं, आपापसात मिटवावं.”

ऐकायला किती समंजस! मी हे करून बघितलंय. मार्चपासून सी विंगला पाणी वीस मिनिटं येतं आणि ए विंगला तासभर. टँकर एकच, टाकी एकच, पण सी विंगकडे जाणाऱ्या व्हॉल्व्हला कुलूप आहे आणि किल्ली काकांच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर. मी तीनदा त्यांच्या घरी समोरासमोर बसले. काकूंनी चहा दिला, खारी दिली, “पाणी हवंय का?” विचारलं. हो म्हटलं, तर ग्लासभर दिलं. काका म्हणाले, “ताई, जरा प्रॅक्टिकल व्हा. ज्याचं घर मोठं त्याची गरज मोठी.” आता यावर बोला काय बोलायचं ते! ज्याच्या हातात किल्ली आहे तो आपापसात का मिटवेल? त्याचं तर मिटलेलंच आहे!

पूर्व तिमोरला विचारा, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचा इवलासा देश. २० मे २००२ ला देश स्वतंत्र झाला. त्याच्या दोन महिने आधी ऑस्ट्रेलियाने जाहीर केलं की सागरी हद्दीचे वाद आम्ही यापुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालू देणार नाही. बाळ जन्मायच्या आधी वकिलाचं दार बंद! मधल्या समुद्राखाली तेल आणि वायू, मग काय, चर्चा आपापसात. वर्षानुवर्षं चर्चा. चहा मिळाला असेल, खारीही मिळाली असेल. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात सक्तीच्या समेटाचं एक कलम पडून होतं, कुणी कधी वापरलेलं नव्हतं. २०१६ मध्ये तिमोरने ते उकरून काढलं. ऑस्ट्रेलिया म्हणाला, हे आम्हाला लागू नाही. समेट आयोग म्हणाला, आहे, बसा. मार्च २०१८ मध्ये युनोच्याच इमारतीत सह्या झाल्या आणि हद्द बहुतांशी मध्यरेषेवर आली. एवढंच लागतं हो लहानाला. सैन्य नको, विमानं नकोत, मोठ्याला ‘बसा’ म्हणणारं कुणीतरी लागतं.

आणि मॉरिशस! तिथे तर आपली मराठी माणसं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. १९६८ मध्ये स्वातंत्र्य देण्याआधी, १९६५ मध्येच, ब्रिटनने त्यांची चागोस बेटं बाजूला काढून ठेवली. तिथल्या माणसांना सामानासारखं उचलून बाहेर टाकलं आणि त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ बसला. मॉरिशसने आपापसात मिटवायचा प्रयत्न किती दशकं करायचा? शेवटी ते आमसभेमार्फत हेगला गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेरा विरुद्ध एक: बेटं वेगळी काढणं बेकायदेशीर, ताबा सोडा. मेमध्ये आमसभेत मतदान, ११६ विरुद्ध ६. ब्रिटन काय म्हणाला ठाऊक आहे? हा नुसता सल्ला आहे, बंधनकारक नाही.

हे मला परवा कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले. कारण रविवारी आमच्या सभेत ‘सर्व विंगना सारखं पाणी’ हा ठराव एकतीस विरुद्ध नऊ मतांनी पास झाला. सहकार कायदा, कलम २७, एक सभासद एक मत. म्हणून तर काकांना चौरस फूट आठवले आणि मग तुवालू आठवला. सोमवारी सकाळी मी वॉचमनकडे गेले तर तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, “किल्ली साहेबांकडंच हाय, ताई.” आणि साहेब म्हणाले, “अहो, सभेचा ठराव म्हणजे सूचना असते.”

पण ब्रिटनचा तो सल्ला-बिल्ला सहा वर्षं टोचत राहिला आणि मे २०२५ मध्ये चागोस परत देण्याच्या करारावर त्याला सही करावी लागली. तळ तिथेच ठेवायचा, भाडं देऊन, असं करारात ठरलं. आणि ज्यांना उचलून फेकलं होतं त्या चागोसच्या माणसांना कुणी नीट विचारलंच नाही, ही त्यातली घाण आहेच. मी काही आरती ओवाळत नाहीये. २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने अँटिग्वासारख्या चिमुकल्या बेटाला अमेरिकेविरुद्ध वर्षाला दोन कोटी दहा लाख डॉलरपर्यंत वसुलीचा हक्क दिला, ऑनलाइन जुगाराच्या खटल्यात. अमेरिकेने काय केलं? काकांनी सोमवारी केलं तेच.

“बघा, म्हणजे उपयोग नाहीच ना!” असं आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल. म्हणा. पाच देशांकडे नकाराधिकार आहे, गाझा असो की युक्रेन, सुरक्षा परिषद हातावर हात ठेवून बसते, सगळं मान्य. मग चीड कुणाची यायला हवी? पाणी अडवतोय तो व्हॉल्व्ह, किल्ली आहे पाच जणांच्या खुंटीवर, आणि तुम्ही बरखास्त काय करताय, तर सभा! जिथे अकरा हजारांच्या देशाचा माणूस उभा राहून ‘आमचं गाव बुडतंय, नोंद घ्या’ म्हणू शकतो ती एकुलती एक खोली. किल्ली काढून घ्या म्हणायची हिंमत नाही, म्हणून खोली पाडा म्हणायचं. यात कसली आलीय हुशारी? आणि आपण कधीपासून मोठे झालो हो? १९४५ च्या सनदेवर भारताची सही आहे ती आपण गुलाम असतानाची. तेव्हा आपणही त्या खोलीत खुर्चीच्या टोकावरच बसलो होतो. चार दिवस अर्थव्यवस्थेचा आकडा फुगला की लगेच तुवालूला मत कशाला? लाज वाटायला पाहिजे. काकांना तर हवीच, पण काकांना स्वार्थ तरी आहे. सी विंगमधले जे चौघे वड्याच्या आशेने मान डोलवत होते त्यांना काय झालं होतं? तुमच्याही बादलीत वीसच मिनिटं पाणी पडतं ना?

मंगळवारी मी उपनिबंधकांच्या कार्यालयात अर्ज दिला. ठरावाची प्रत, हजेरीपटाची झेरॉक्स, नळाच्या वेळांची वही. पोच घेतली, शिक्का मारून. त्यांच्याकडेही पोलीस-फौज नाही, महिनोन्‌महिने लागतील, मला माहीत आहे.

बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, हातात पिशवी, पिशवीत सहा हापूस. सी विंगचे तीन जिने ते पहिल्यांदाच चढले असावेत, धाप लागली होती. म्हणाले, “ताई, एवढ्याशा गोष्टीसाठी बाहेर कशाला जायचं? आपापसात मिटवलं असतं.”

पाणी विचारलं त्यांना. घरात होतं तेवढं दिलं. आंबे ठेवून घेतले, एक जरा डागाळलेला निघाला. अर्ज मागे घेतलेला नाही.