11 फुटांची खिडकी आणि तळहाताएवढा नमुना

आमच्या हॉलची खिडकी 11 फुटांची, तीही पश्चिमेची. दुपारी तीन वाजले की ऊन थेट सोफ्यावर, एका बाजूनं कापड पार विटलंय. खिडकीला ऊन अडवणारा एक ब्लाइंड हवाय, बस्स! पण कोणी धड सांगेल तर शपथ!

एक दुकानदार म्हणतो, एवढा रुंद रोलर, म्हणजे पाइपवर गुंडाळायचा कापडी ब्लाइंड, घेतला तर पाइप मधोमध वाकतो, कापडाला सुरकुत्या पडतात, दोन तुकडे करा. शेजारच्या काकूंनी केले की दोन! मधल्या बोटभर फटीतून तिरीप नेमकी काकांच्या डोळ्यांवर. दुसरा व्हर्टिकल, म्हणजे उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंडच गळ्यात मारतो. आधीच्या घरी होते आमच्याकडे. खालची साखळी तुटली आणि रात्रभर पट्ट्यांची फडफड!

आणि मापं? तीन माणसं आली, तीन वेगळी मापं! भाव सांगणार चौरस फुटाचा. 11 बाय 5 म्हणजे 55 चौरस फूट, एवढं मलाही येतं. मग ब्रॅकेट आणि फिटिंगचे पैसे वेगळे, हे शेवटी का सांगता? नमुना दाखवतात तळहाताएवढा. त्यावरून अख्ख्या भिंतीचा रंग कसा ठरवायचा, सांगा ना!

चार महिने झाले. आजही खिडकीला चिमटे लावून जुनी चादरच टांगलीय.