कट्ट्यावर लाल राजा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी जी भाषा चालते ती जशीच्या तशी उतरवली, तर हा मजकूर घरात मोठ्याने वाचता येणार नाही. म्हणून सगळ्यांच्या तोंडी मी थोडी धुतलेली, इस्त्री केलेली मराठी घातली आहे. दत्तू पेंटरला कच्चा मजकूर वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे तूही आम्हाला झगे चढवलेस. मग त्या दिवशी आपण दोन तास भांडत कशावर होतो?’

त्या दिवशी भांडण लावले ते आप्पासाहेबांनी. त्यांची मुलगी लंडनपासून रेल्वेने अर्ध्या तासावर राहते आणि त्या अर्ध्या तासाच्या बळावर आप्पासाहेब बकिंगहॅम राजवाड्याचे कुलमुखत्यार असल्यासारखे बोलतात. राणी एलिझाबेथ गेली तेव्हा त्यांनी सुतक पाळले, असे मास्तर म्हणतात; मी एवढेच सांगू शकतो की त्या आठवड्यात ते कट्ट्यावर फिरकले नाहीत, आणि मुलीने आणलेल्या ज्या चहाच्या डब्यावर राणीचे चित्र होते त्यातली मेथी त्यांनी दुसऱ्या डब्यात काढून ठेवली.

मे २०२५मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाची अधिकृत चित्रे लंडनच्या नॅशनल गॅलरीत जाहीर झाली होती आणि राजाचे चित्र मोबाइलवर मोठे करून आप्पासाहेब प्रत्येकाच्या नाकासमोर धरत होते. पायघोळ झगा, बाजूला ठेवलेला मुकुट, सगळे जिथल्या तिथे. ‘याला म्हणतात राजाचे चित्र,’ ते म्हणाले. ‘आदल्या वर्षीचा तो लाल प्रकार नव्हे. राजाला कोणी टोमॅटोच्या सारात सोडून दिल्यासारखे दिसत होते.’

‘सार पातळ असते, आप्पासाहेब,’ दत्तू म्हणाला. ‘तो खर्डा होता.’

मास्तरांना राहवले नाही. जे.जे.चे पदविकाधारक आणि चौतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवलेले मास्तर कोणत्याही वादात आधी वर्ग भरवतात. त्या लाल चित्रात जोनाथन यो या चित्रकाराने वेल्श गार्ड्स या पलटणीचा लाल गणवेश आणि पार्श्वभूमी एकाच रंगात का विरघळवली, चेहरा आणि तलवारीवरचे हात तेवढेच का सोडले, २०२१पासून चार बैठका कशा झाल्या आणि तो रंग प्रथम पाहून खुद्द राजाही किंचित चकित कसा झाला, हे सारे त्यांनी क्रमाने सांगितले. खांद्यावरच्या फुलपाखराचा अर्थ ते सांगू लागले तेव्हा मी शेंगदाणे आणायला उठलो, कारण त्या फुलपाखराविषयी माझे मत चांगले नाही. रंगाचे एवढे धाडस केल्यावर खाली ‘हा राजा निसर्गप्रेमी आहे’ अशी पाटी लावायची गरज नव्हती.

मी परत आलो तोवर दत्तूने वादाची सूत्रे हाती घेतली होती. दत्तू पेंटर म्हणजे एके काळी सिनेमाच्या थिएटरांवर चाळीस चाळीस फुटी चेहरे रंगवणारा माणूस. फ्लेक्स आले आणि त्याचा धंदा बुडाला. पण राजाचे चित्र असो वा खलनायकाचे, चेहरा दिसला की तो अजूनही आधी मनात चौकटी आखतो.

‘रंग राहू दे, मास्तर,’ तो म्हणाला. ‘मी चित्र बघण्याआधी दोनच गोष्टी विचारतो. पैसे कोणी दिले आणि ते लागणार कोणत्या भिंतीवर?’

‘ड्रेपर्स कंपनीने,’ मास्तर म्हणाले. ‘लंडनच्या कापड व्यापाऱ्यांचा जुना संघ आहे. चार्ल्सला त्यांचा सभासद होऊन पन्नास वर्षे होणार होती, म्हणून २०२०मध्येच चित्र सांगितले गेले. त्यांच्या दिवाणखान्याच्या मापाने साडेआठ फूट बाय साडेसहा फूट.’

‘म्हणजे मूळजी जेठा मार्केट,’ दत्तू म्हणाला. ‘कापड बाजाराने राजाचा बॅनर सांगितला आणि कापडच एवढे रंगवून मिळाले की राजा त्यात बुडाला. गिऱ्हाइकाचे समाधान झाले असणार.’

आप्पासाहेबांनी कपाळावर हात मारला. राजघराण्याच्या परंपरेला बाजारात ओढू नका, असे ते म्हणाले, आणि उदाहरण म्हणून त्यांनी आन्निगोनी या इटालियन चित्रकाराने काढलेले तरुण राणी एलिझाबेथचे १९५५चे चित्र पुढे केले: गडद निळा झगा, दूरवर लागलेली नजर, मागे हिवाळी आकाश. ते चित्र सुंदर आहे, यावर दुमत नव्हते. ते फिशमाँगर्स कंपनीसाठी काढले होते, हे मास्तरांनी सांगायला नको होते.

‘मासळीवाले!’ दत्तू उठून उभाच राहिला. ‘आप्पासाहेब, तुमची परंपरा मूळजी जेठातून निघाली ती थेट ससून डॉकला पोहोचली!’

आप्पासाहेब शाकाहारी असल्यामुळे हा घाव अधिक खोल गेला. थोडा वेळ ते मैदानाकडे तोंड करून बसले.

सुधाताईंनी मग त्यांची बाजू सावरण्याचा आव आणला, पण त्यांनी आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकवला असल्यामुळे त्यांच्या मदतीनेच आप्पासाहेबांचे अधिक नुकसान होते. परंपरा हवी असेल तर हान्स होल्बाइनपासून घ्या, त्या म्हणाल्या. आठव्या हेन्रीला चौथे लग्न करायचे होते, स्थळ जर्मनीतले होते, आणि मुलगी कशी दिसते हे कळावे म्हणून १५३९ साली राजाने आपल्या चित्रकारालाच तिकडे पाठवले. अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्जचे ते चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. हेन्रीने चित्रानंतर मुलगी पाहिली, ती त्याला आवडली नाही. जानेवारी १५४०मध्ये लग्न झाले आणि जुलैमध्ये ते रद्द झाले.

‘कांदेपोह्यांआधी पाठवलेला फोटो,’ मी म्हणालो.

‘आणि पेंटरचे काय झाले?’ दत्तूला धंद्यातल्या माणसाची काळजी.

‘त्याला धक्काही लागला नाही. ज्याने स्थळ आणले होते त्या थॉमस क्रॉमवेलचे मात्र त्याच जुलैत मुंडके उडवले. आरोप वेगळे होते, पण हे लग्न त्याला भोवले.’

‘योग्य झाले. माल पसंत पडला नाही तर एजंटाला धरावे, पेंटरला नाही. आमच्याकडे उलट चालते.’ हे म्हणताना दत्तूने आप्पासाहेबांकडे पाहिले. त्या पाहण्यामागे १९८७ सालापासूनची एक कथा आहे. आप्पासाहेबांच्या वडिलांचे तैलचित्र दत्तूने एका पासपोर्ट फोटोवरून करून दिले होते. वडील जन्मभर सदरा-धोतरात वावरले. आप्पासाहेबांनी त्यांना बंद गळ्याचा कोट आणि पगडी घालायला सांगितली. दत्तूने घातली. नंतर नाक मोठे झाले, असे म्हणून दीडशे रुपये कापून घेण्यात आले. त्या दीडशे रुपयांचा विषय वर्षातून तीनदा निघतो, त्यांपैकी एकदा गणपतीत.

सुधाताई पहिल्या एलिझाबेथवर आल्या. तिच्या दरबाराने १५९६ साली हुकूम काढून राणीची अशोभनीय चित्रे नष्ट करायला लावली, आणि ती सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना काढलेल्या, हातात इंद्रधनुष्य धरलेल्या चित्रात चेहरा मात्र पंचविशीतल्या मुलीचा आहे. मग पहिला चार्ल्स निघाला. व्हॅन डाइकने त्याला कधी घोड्यावर बसवून, कधी खालच्या बाजूने बघितल्यासारखा रंगवून त्याचे ठेंगणेपण असे लपवले की युरोपभर तो रुबाबदार राजा म्हणून गाजला. दत्तूने येथे मनापासून दाद दिली, कारण नायक बुटका असला की बॅनरवर हनुवटीखालून चेहरा धरायचा, ही युक्ती त्यालाही उस्तादाने शिकवली होती. त्याच चार्ल्सचे एकाच कॅनव्हासवर समोरून, बाजूने आणि तिरके असे तीन चेहरे व्हॅन डाइकने काढले, ते रोममध्ये बर्निनीला पाठवण्यासाठी, म्हणजे त्याला राजा न पाहताच संगमरवरात त्याचा अर्धपुतळा घडवता यावा. पुतळा १६९८च्या आगीत गेला. राजाचे खरे डोके त्याआधीच, १६४९ साली प्रजेने उतरवले होते.

‘म्हणजे उरले काय, तर पेंटरचे काम,’ दत्तू म्हणाला. ‘आपल्याकडेही तेच. राजाचा पुतळा राणीच्या बागेत नेऊन ठेवला, आणि चौकाला नाव राहिले ते काळ्या घोड्याचे.’

मास्तरांना या ओघात मुंबईची बाजू मांडायची संधी मिळाली. नव्या दिल्लीतल्या व्हाइसरॉयच्या निवासस्थानासाठी विंडसरमधल्या राजघराण्याच्या चित्रांच्या प्रतिकृती हव्या होत्या, तेव्हा स्पर्धा घेऊन मुंबईचे लालकाका आणि कलकत्त्याचे अतुल बोस यांना निवडले गेले, आणि १९३०च्या सुमारास हे दोघे विलायतेला जाऊन राजेराण्यांच्या नकला करत बसले. मास्तर हे अभिमानाने सांगतात की खेदाने, हे मला इतक्या वर्षांत कळलेले नाही. ‘नक्कल’ हा शब्द आप्पासाहेबांना खटकला, पण राजाच्या चित्रांचा कारभार नकलांवरच चालत असे. तिसऱ्या जॉर्जचे राज्याभिषेकाचे चित्र अ‍ॅलन रॅम्झीने एकदा काढले आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्या कारखान्यातले साहाय्यक वकिलातींसाठी आणि गव्हर्नरांसाठी त्याच्या प्रती काढत राहिले. आता सरकारी कचेऱ्यांना राजाचा फोटो फुकट वाटायला ब्रिटिश सरकारने ऐंशी लाख पौंड बाजूला ठेवले, तो त्याच कारखान्याचा वारसा.

‘ते फ्लेक्स झाले,’ दत्तू तुटकपणे म्हणाला. त्या शब्दापुढे त्याच्याकडे चर्चा नसते.

आप्पासाहेबांनी शेवटचा हल्ला ल्यूशियन फ्रॉइड या चित्रकारावर केला. त्याने काढलेले दिवंगत राणीचे चित्र आठवले की त्यांचा रक्तदाब वाढतो. तिच्या कुत्र्याला झटका आल्यासारखे ते दिसते, असे तिथल्याच एका कला-नियतकालिकाच्या संपादकाने लिहिले होते, आणि एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने तर फ्रॉइडला लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे राजांच्या जुन्या तुरुंगात, कोंडा, अशी मागणी केली होती. हे दोन्ही दाखले आप्पासाहेबांना तोंडपाठ आहेत.

यावर दत्तू हसला नाही, हे मी नोंदवून ठेवतो. त्याने हातातला शेंगदाण्यांचा कागद उलगडून मांडीवर पसरला. ‘हे चित्र एवढे आहे. नऊ इंच बाय सहा इंच. शाळेच्या वहीहूनही लहान. जिचा चेहरा नाण्यांवर, नोटांवर, तिकिटांवर छापून छापून झिजला, त्या बाईला या माणसाने मे २००० ते डिसेंबर २००१ अधूनमधून समोर बसवले आणि एवढ्याशा जागेत तिचे तोंड कोंबले. पैसे कोणी दिले? कोणीही नाही. त्याने काढले आणि तिलाच भेट दिले. कापडवाला नाही, मासळीवाला नाही, स्थळ बघणारा नवरा नाही. आप्पासाहेब, ज्या चित्राला गिऱ्हाईक नाही तिथेच पेंटर स्वतःचे बघतो. पंचाहत्तरीची बाई पंचाहत्तरीची दिसली, एवढाच त्याचा गुन्हा.’

‘आणि मुकुट?’ मास्तरांनी हळूच आठवण करून दिली.

‘मुकुट तर फारच झकास! चेहरा होत आला आणि मग सुचले की मुकुट पाहिजे. कॅनव्हास पुरेना, तर वरून साडेतीन सेंटिमीटरांचा तुकडा जोडला. जोड दिला, मास्तर! नायिकेचा अंबाडा बसला नाही की आम्ही वरून पट्टी जोडायचो आणि मालक शिव्या घालायचा. विलायतेत ती पट्टी राजसंग्रहात गेली.’

सुधाताई म्हणाल्या की श्रेय राणीचेही आहे. ग्रॅहम सदरलंडने १९५४ साली काढलेले चर्चिलचे चित्र त्याच्या घरच्यांनी गुपचूप जाळून टाकले. राणीने आपले चित्र जपले. मग त्यांनी एक वेगळेच नाव काढले. १८८६च्या लंडनमधल्या वसाहतींच्या प्रदर्शनात आग्र्याच्या तुरुंगात हुन्नर शिकलेले कारागीर नेले होते, त्यांत बक्षीराम नावाचा कुंभार होता, वय एकशे दोन अशी नोंद. व्हिक्टोरियाने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्याचे आणि इतरांचे लहान लहान चेहरे काढून घेतले आणि ते ऑस्बर्न हाउसमध्ये लावले. तिथेच विंटरहाल्टरने रंगवलेले तिचे स्वतःचे भव्य कुटुंबचित्रही होते. ‘दोन्ही शेजारी ठेवा,’ त्या म्हणाल्या, ‘आणि डोळे कोणाचे जिवंत आहेत ते सांगा.’

‘कुंभाराचे,’ दत्तू न बघताच म्हणाला. ‘त्याच्यासाठी कोणी कोट सांगितला नव्हता.’

कोट हा शब्द निघाला आणि आप्पासाहेबांच्या लक्षात आले की वाद विलायतेतून परत दादरला आला आहे. त्यांनी घाईने हुकमाचे पान टाकले. तुमचे सगळे तर्क राहू द्या, ते म्हणाले; त्या लाल चित्राची मला कितीही चीड असली तरी एक मान्य करतो, की राणी कॅमिलाने ते पाहून ‘होय, तुम्ही त्यांना बरोबर पकडलेत’ असे म्हटले. माणूस उतरला की नाही हे बायकोशिवाय कोण सांगणार? गिऱ्हाईक, भिंत, पैसे, सगळे झूट.

म्हणजे ज्या चित्रावर दोन तास शिव्या दिल्या त्याचीच वकिली करून ते दत्तूला हरवू पाहत होते. दत्तूने मात्र हा मुद्दा ताबडतोब मान्य केला, आणि तिथेच मला धोका दिसला.

‘शंभर टक्के बरोबर,’ तो म्हणाला. ‘बायकोची साक्ष अंतिम. आता सांगा, १९८७ साली मी चित्र घेऊन तुमच्या घरी आलो, तुम्ही नाकाला नावे ठेवून पैसे कापलेत आणि मी जिना उतरलो. त्यानंतर तुमच्या आईंनी चित्र पाहिले असेल ना? त्या काय म्हणाल्या?’

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. दिवे लागले होते, क्रिकेटची पोरे स्टंप उपटून घरी निघाली होती.

‘आई म्हणाली,’ ते शेवटी म्हणाले, ‘नाक अगदी यांचेच आहे. पण हा कोट कोणाचा?’

मास्तरांच्या तोंडातला चहा सुधाताईंच्या पदरावर गेला. दत्तू दीडशे रुपयांवर अडतीस वर्षांचे व्याज बँकेच्या कोणत्या दराने लावायचे हे विचारत होता, आणि आप्पासाहेब, डोळे पुसत, चहाचे पैसे आज आपण देतो असे म्हणत होते, जे त्यांनी याआधी कधीही म्हटल्याचे कोणाला आठवत नव्हते.