सुंभ, पीळ आणि जंक

दिवाळीच्या आधीचा रविवार हा समस्त नवरेवर्गाचा घातवार. वर्षभर डोक्यावर असलेला माळा बायकोला नेमका त्या दिवशी दिसतो. मग शिडी येते, शिडीवर मी चढतो आणि खाली ओढणी खोचून न्यायमूर्ती उभ्या राहतात. खटला साधा असतो. मी वस्तू दाखवायची, त्यांनी "टाका" म्हणायचं. "ठेवा" असा निकाल आजवर फक्त त्यांच्या माहेरच्या परातीच्या बाजूनं लागला आहे.

यंदा खंडपीठावर मुलगीही होती. तिनं सुनावणीची कटकटच ठेवली नाही. वातीचा स्टोव्ह, टीव्हीबरोबर आलेला थर्माकोल, मिक्सर गेल्यावर मागे उरलेली त्याची भांडी आणि गावच्या विहिरीवर पंप बसला तेव्हा मी उचलून आणलेलं काथ्याच्या दोराचं भेंडोळं, या सगळ्यावर एकदा नजर फिरवून ती म्हणाली, "बाबा, इट्स ऑल जंक."

भंगार म्हणाली असती तर मुकाट्यानं खाली दिलं असतं. पण ज्या शब्दाच्या नावाखाली माझा माळा उजाड होणार, त्याचं कूळ तरी बघावं म्हणून मी वरच बूड टेकलं आणि फोन काढला. (खाली उतरायचं नसेल तर व्युत्पत्तीसारखं निमित्त नाही.)

फोननं आधी एक चिनी जहाज दाखवलं, पडद्यासारखी शिडं असलेलं. त्यालाही इंग्रजीत जंकच म्हणतात, पण ते निराळ्या घराण्यातलं. जावा-मलायाकडचा 'जोंग' पोर्तुगीजांच्या तोंडातून तिकडे गेला. नावबंधू, बाकी सोयरसुतक नाही. आपला जंकही समुद्रावरचाच, पण इंग्रज खलाशांचा. आणि काय सांगू, त्याचा मूळ अर्थ आहे जुना दोर! मी भेंडोळ्याकडे पाहिलं. माळ्यावर आमच्या दोघांशिवाय ही बातमी कळण्याच्या लायकीचं कुणी नव्हतं.

शिडाच्या जहाजावर दोर म्हणजे संसार. हेम्पचे मनगटाएवढे, मांडीएवढे दोरखंड. हेम्प म्हणजे भांगेचंच झाड, पण तो विषय आमच्या घरात काढण्यासारखा नाही. मिठाच्या पाण्यानं दोर कुजट झाला की भार पेलेना. मग तो समुद्रात फेकत? छे! त्याचे तुकडे करत आणि त्या तुकड्यांना म्हणत जंक. त्यांच्या चटया विणत, जहाज धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला लोंबत्या गाद्या सोडत. उरलेल्याचा पीळ उकलून, तंतू तंतू पिंजून, डांबर लावून फळ्यांच्या सांध्यांत ठोकून बसवत. ज्या जहाजांवर बसून साहेबानं जगभर राज्य केलं, त्यांत पाणी शिरू नये म्हणून जंक कोंबलेलं होतं.

दोर पिंजणं हे इतकं किचकट काम, की इंग्लंडात ते तुरुंगातल्या कैद्यांकडून आणि वर्कहाउसांतल्या, म्हणजे कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या सरकारी आश्रमांतल्या, गरिबांकडून करून घेत. बोटं सोलून निघत. 1895 साली ऑस्कर वाइल्ड या नाटककाराला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, तेव्हा त्यालाही कोठडीत दोर पिंजावे लागले. एवढा लखलखीत बोलणारा माणूस, आणि पुढ्यात सुंभ.

पुढे खलाशी जेवणालाही जंक म्हणू लागले. पिंपात मिठात मुरवलेलं गोमांस महिनोन्‌महिने टिकायचं आणि चावायला जुन्या दोराला हार जायचं नाही. म्हणजे पहिलं जंक फूड गिळता गिळेना आणि आताचं आवरता आवरेना. एकोणिसाव्या शतकात हा शब्द जहाजावरून उतरला आणि कुठल्याही टाकाऊ चीजवस्तूला चिकटला. तिथून गर्दुल्ल्यांच्या मालाला, नको त्या टपालाला, बुडीत जातील अशा रोख्यांना. 1972 साली सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञानं आपल्या डीएनएतल्या मोठ्या भागालाही जंक म्हटलं. त्यातला काही भाग कामाचा आहे हे नंतर कळलं. शास्त्रज्ञांनी माळा रिकामा करायची घाई केली नाही म्हणून बरं.

हा सगळा पुरावा मी शिडीच्या चौथ्या पायरीवरून कोर्टापुढे मांडला. "सारांश," मी म्हणालो, "जंक म्हणजे टाकायची वस्तू नव्हेच. पुढे कामाला येईल म्हणून ठेवलेली ती जंक."

"बाबा, फोन चार्जिंगला लावू का?" मुलगी म्हणाली.

बायकोनं मात्र शांतपणे ऐकून घेतलं. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. "अहो, मग येऊ द्या ना कामाला," ती म्हणाली. "आपलं काय जहाज आहे? न्हाणीघराच्या उंबऱ्याखालून पाणी येतंय, तिथे ठोका."

एवढ्यात आई आतून आली. तिनं भेंडोळं माझ्या हातातून ओढून घेतलं, नाकाशी नेलं, नखानं एक पेड सोडवून बघितला. "चांगला काथ्या आहे की! टाकता कसला? कुंड्यांच्या बुडाशी घालीन. थोडा लोखंडी तव्याला ठेवीन, तुमच्या त्या हिरव्या घासणीनं काही निघत नाही." विळीवर तिनं दोराचे वीतभर तुकडे केले, एकही इंग्रजी शब्द न वापरता.

मी विजयी मुद्रेनं खाली उतरलो. कोर्ट बरखास्त झालं, स्टोव्ह आणि थर्माकोल दाराशी गेले, मिक्सरच्या भांड्यांबद्दल मी अपील केलं नाही. चहाची वाट बघत टेकलो होतो, तर पुढ्यात वर्तमानपत्र अंथरलं गेलं आणि त्यावर सगळे तुकडे येऊन पडले.

"रिकामा बसलायस तर पीळ सोडव," आई म्हणाली. "सगळे. आणि बारीक पिंज, गाठी राहता कामा नयेत."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. न जळता तर तो मुळीच जात नाही, हे पहिल्याच तुकड्याला कळलं. दुसऱ्या तुकड्याला अंगठ्याचं नख गेलं. "किती वेळ लागेल गं अंदाजे?" मी विचारलं. "होईल हो," आई म्हणाली, "गॅलरीत अजून सुतळ्या आहेत."

वाइल्डला निदान सुटकेची तारीख माहीत होती.