शेवळं सायन्स सेंटरमध्ये का नकोत?

माझं मत सरळ आहे. मुंबईच्या नेहरू सायन्स सेंटरसारख्या ठिकाणी आदिवासींचं खाणं आलं पाहिजे, आणि ते बाहेर मंडप घालून फूड फेस्टिव्हल म्हणून नाही, तर आत, मायक्रोस्कोप आणि बीकरच्या शेजारी आलं पाहिजे.

शेवळांचंच घ्या ना. जून लागला की कल्याण, विरार, पालघरकडे स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, आणि सीकेपी घरांत तर या भाजीची वर्षभर वाट बघतात. ही सुरणाच्या रानटी भाऊबंदांपैकी एक, तिचा कोवळा फुलोरा आपण खातो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, नीट केली नाही तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढणार नाही. म्हणून ती बाई जुडीबरोबर काकडं नावाची रानफळं पण विकते, हिरवी, गोटीएवढी, आंबटढाण. नवीन गिऱ्हाईक दिसलं की तीच समजावते, वरचं आवरण काढ, आतला पिवळा दाणेदार भाग टाकून दे, बारीक चिर, काकडांचा रस घाल आणि भरपूर शिजव. काकडं नसतील तर चिंच घाल, पण आंबट हवंच.

आता बघा, झाडाचा कुठला भाग टाकायचा, त्याच दिवसांत त्याच रानात कुठलं आंबट फळ मिळतं, किती शिजवायचं, हे कोणाला स्वप्नात दिसलेलं नाही, पिढ्यानपिढ्या बघून, करून, चाखून, चुकून पक्कं केलेलं आहे. मुलांना शेवळाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली दाखवा, त्या सुया दिसू देत, आणि शेजारी ती मावशी उभी राहून हातात भाजी धरून सांगू दे. माझ्या मते यापेक्षा चांगला केमिस्ट्रीचा तास नाही.

आणि हे एकच उदाहरण नाही. कडू कंद असतो, तो नुसता उकडून खाता येत नाही, पातळ चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळतात आणि मग वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा, विषारीपणा काढतात. गडचिरोलीत भामरागडकडे माडिया आदिवासी लाल मुंग्यांची चटणी करतात, तिचा आंबटपणा फॉर्मिक ॲसिडचा, लिटमस पेपर लावा लगेच कळेल (ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा व्हॉट्सॲपवर लोकांनी नाकं मुरडली होती, मला फार राग आला होता). नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, दुधाच्या जवळपास तिप्पट. २०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष झालं आणि शहरात नाचणीची कुकीज महाग पाकिटात आली, पण डोंगर उतारावर ती लावणाऱ्या बाईचा फोटो त्या पाकिटावर कुठेच नव्हता.

मला खुपतं ते हे की आपण वाटणीच करून टाकलीय. दिल्लीचा लोहस्तंभ, शून्याची कल्पना, जस्त गाळायची जुनी विद्या हे विज्ञान, आणि आदिवासींची कणगी, टोपली, मोहाची फुलं ही संस्कृती, म्हणजे काचेमागचा पुतळा आणि वारली चित्राची बॉर्डर. आदिवासी म्युझियम हवंच, पुण्यातलं जरूर बघा, पण तिथे ठेवलं म्हणजे विज्ञानातून वजा केलं असं होता कामा नये. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, शाळेत न गेलेल्या, त्यांनी गावरान बियाणांची बँक उभी केली, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बी निवडायचं कसं, मडक्यात साठवायचं कसं, कीड लागू द्यायची नाही ती कशी, हे जनुकवैविध्य टिकवण्याचंच काम आहे, मग त्याला सायन्स सेंटरमध्ये अख्खी भिंत का मिळू नये?

उलट बाजूने पण सांगते, देव वगळून नुसतं केमिकल दाखवाल तर तेही अर्धवटच. वारली लोकांची कणसरी ही धान्याची देवी आहे, आणि नवं धान्य, नवी भाजी आधी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही हा नेम कित्येक पाड्यांवर पाळतात, त्यात कोवळ्या रोपाला वाढायला वेळ मिळतो हेही आलं. श्रद्धा वेगळी आणि माहिती वेगळी असं तिथे कोणी कप्पे करत नाही, म्युझियमनेही करू नयेत.

वॉशिंग्टनला स्मिथसोनियनचं अमेरिकन इंडियन म्युझियम २००४ ला उघडलं, त्याच्या कॅफेत वेगवेगळ्या प्रदेशांतल्या मूळ रहिवाशांच्या पद्धतीचं जेवण मिळतं. आपल्याकडे ऑगस्टमध्ये जिल्ह्या-जिल्ह्यांत रानभाजी महोत्सव होतात, चांगलेच होतात, पण दोन दिवसांत मंडप उठतो.

एक अट मात्र पहिल्या दिवसापासून हवी. काय दाखवायचं, काय गावातच ठेवायचं हे ग्रामसभेने ठरवावं, कारण औषधी कंदाची माहिती भिंतीवर लागली की उद्या कुणीतरी ट्रक घेऊन पोचेल. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यात लाभाच्या वाटणीची, म्हणजे अशा माहितीतून होणाऱ्या फायद्याचा वाटा ती जपणाऱ्यांना द्यायची तरतूद आहे, ती वापरा. आणि शिकवायला येणाऱ्या बायकांना साडी-नारळ देऊन परत पाठवू नका, पाहुण्या प्राध्यापकाला देता तेवढं मानधन द्या, जाण्यायेण्याचं भाडं वेगळं द्या, पाटीवर त्यांचं आणि पाड्याचं नाव लिहा, त्यांनी परवानगी दिली तरच. शेवळं येतात तेव्हाच शाळाही उघडतात, त्यामुळे पहिल्या सहली जूनमध्येच लावता येतील.